गृहपत्रिका व जनसंपर्क

कारखाना, व्यापारी पेढी, बँक, सहकारी संस्था किंवा सार्वजनिक उपक्रम यांनी आपले कामगार, भागधारक, ग्राहक अथवा सर्वसाधारण जनता यांच्यासाठी स्वखर्चाने व स्वतःच्या नावाने चालविलेले नियतकालिक म्हणजे गृहपत्रिका होय. ती बहुधा विनामूल्य वाटली जाते. तिचा संपादक हा संस्थेचा पगारी सेवक असतो आणि विक्रीचे उत्पन्न हा तिचा हेतू नसतो. वृत्तपत्रांतील जाहिरात व वृत्तपत्रांना पाठविले जाणारे प्रसिद्धिपत्रक यांहून ती वेगळी आहे. जाहिरातीत संस्था दुसऱ्याच्या पत्रातील जागा विकत घेते. प्रसिद्धिपत्रक छापावे की टाकून द्यावे, हे वृत्तपत्राचा संपादक ठरवितो. गृहपत्रिकेत मात्र संस्था कोणाच्याही मध्यस्थीवाचून वाचकाशी बोलते. जनसंपर्काच्या व्यवसायावर गृहपत्रिकेचा जो परिणाम झाला, त्याचे मूळ या मध्यस्थाच्या अभावात आहे. एकविसाव्या शतकात छापील अंकाची जागा पुष्कळ ठिकाणी संस्थांच्या संकेतस्थळांनी घेतली. तथापि बोलणारा कोण, ऐकणारा कोण आणि बोलण्याचे खरेखोटे तपासणारा कोण, हे प्रश्न कायम राहिले आहेत.

वाचकवर्ग : वाचकांवरून गृहपत्रिकांचे अंतर्गत, बाह्य व मिश्र असे तीन प्रकार मानण्याची रीत आहे. अंतर्गत पत्रिका कामगार व अधिकारी यांच्यासाठी असते. तीत बढत्या, सेवानिवृत्ती, सुरक्षिततेचे नियम, खेळांचे सामने, कामगारांच्या मुलांचे परीक्षेतील यश असा मजकूर येतो. बाह्य पत्रिका ग्राहक, विक्रेते, भागधारक व लोकमत घडविणारी मंडळी यांच्याकडे जाते. मिश्र पत्रिका दोघांनाही पुरविली जाते आणि बहुधा दोघांनाही अपुरी वाटते.

महानगरात ही विभागणी चालून जाते, तालुक्याच्या गावी ती टिकत नाही. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मुंबई–भुसावळ लोहमार्गावरील व धुळ्याकडे फाटा फुटणारे हे प्रस्थानक कापसाच्या मुलखात वसलेले आहे. येथील श्री लक्ष्मीनारायण कापडगिरणी ही खानदेशातील जुन्या गिरण्यांपैकी एक. तालुक्यात भोरस येथे बेलगंगा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. अशा गावी एकाच घरातील एक भाऊ गिरणीत साच्यावर, दुसरा कारखान्याला ऊस घालणारा सभासद आणि तिसरा बाजारपेठेत किराणा दुकानदार असणे यात नवल नसते. गिरणीचा पगार लांबला की दुकानदाराची उधारी वाढते. उसाचा हप्ता थकला की लग्ने पुढे जातात. येथे ‘कामगार’, ‘भागधारक’, ‘ग्राहक’ व ‘जनता’ हे चार वर्ग नसून एकाच ओसरीवर बसलेली चार माणसे असतात. त्यामुळे एका वर्गाला एक व दुसऱ्याला दुसरे सांगणे संस्थेला साधत नाही. कामगारांना ‘मंदी आहे’ असे सांगणारे पत्रक आणि भागधारकांना ‘भवितव्य उज्ज्वल आहे’ असे सांगणारा अहवाल ही दोन्ही संध्याकाळपर्यंत एकाच घरात पोहोचतात. जनसंपर्काच्या पाठ्यपुस्तकांत या गोष्टीचा विचार फारसा आढळत नाही.

प्रारंभीचा इतिहास : उद्योगाच्या आश्रयाने निघालेल्या नियतकालिकांचे एक जुने व बोलके उदाहरण कापडगिरण्यांतीलच आहे. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्‌स राज्यातील लोएल या गिरणगावात १८४० साली ‘लोएल ऑफरिंग’ हे मासिक सुरू झाले. त्यातील कथा, कविता व निबंध गिरण्यांत काम करणाऱ्या तरुणी लिहीत आणि पुढे त्याचे संपादनही त्यांच्यातीलच स्त्रियांकडे आले. चार्ल्स डिकिन्झ याने आपल्या अमेरिकेच्या प्रवासवर्णनात (१८४२) त्याची प्रशंसा केली. गिरणीमालकांच्या दृष्टीने, आपल्या कामगार स्त्रिया किती सुसंस्कृत आहेत याचा याहून चांगला पुरावा शोधून सापडला नसता. मात्र कामाचे तास कमी व्हावेत म्हणून चळवळ करणाऱ्या सेअरा बॅग्ली या कामगार स्त्रीने १८४५ मध्ये जाहीर आक्षेप घेतला, की गिरण्यांतील परिस्थितीवर टीका करणारे आपले लेख या मासिकाने नाकारले. मासिक मालकांचे मुखपत्र आहे, अशी शंका पसरली आणि त्याच वर्षी ते बंद पडले. त्यातील मजकूर खोटा होता असे नव्हे. जे लिहिणे सर्वांत निकडीचे होते तेवढेच त्यात नव्हते. गृहपत्रिकेच्या पुढील सर्व इतिहासावर या प्रसंगाची छाया आहे.

बाह्य गृहपत्रिकेचा नमुना नांगराच्या कारखान्याने घालून दिला. इलिनॉय राज्यातील मोलीन येथील डीअर अँड कंपनी या अवजारे बनविणाऱ्या संस्थेने १८९५ मध्ये ‘द फरो’ (नांगराचे तास) हे नियतकालिक सुरू केले. त्यात कंपनीच्या मालापेक्षा शेतीची माहिती अधिक असे. शेतकऱ्याला उपयोगी पडणारे काही सांगितले, म्हणजे तो सांगणाऱ्याचे नाव विसरत नाही, एवढाच त्यामागील हिशेब होता. हे नियतकालिक सव्वाशेहून अधिक वर्षे चालू राहिले आहे.

व्यवसाय म्हणून जनसंपर्काची तत्त्वे मांडण्याचे श्रेय सामान्यतः आयव्ही ली (१८७७–१९३४) या अमेरिकन पत्रकाराला दिले जाते. १९०६ च्या कोळसाखाणींतील संपाच्या वेळी त्याने वृत्तपत्रांना एक निवेदन पाठविले. आपले काम उघडपणे चालते, दिलेली माहिती अचूक असेल आणि ती पडताळून पाहण्यास आपण साहाय्य करू, असे त्यात म्हटले होते. आठच वर्षांनी, एप्रिल १९१४ मध्ये, कोलोरॅडोतील लडलो येथे संपकरी खाणकामगारांच्या वस्तीवर गोळीबार होऊन स्त्रिया व मुलेही मृत्युमुखी पडली. त्यानंतर ली याने रॉकफेलर यांच्या खाणकंपनीच्या वतीने पत्रके काढली व ती थेट प्रतिष्ठित नागरिकांना पाठविली. त्यांत संघटनेच्या पुढाऱ्यांचे पगार भरमसाट फुगवून दिलेले होते. चौकशी आयोगापुढे ली याला कबूल करावे लागले, की कंपनीने पुरविलेली माहिती आपण तपासली नव्हती. तत्त्वे तीच होती व माणूसही तोच होता. फरक एवढाच, की १९०६ मध्ये त्याचे निवेदन वृत्तपत्रांच्या संपादकांच्या हातून गेले होते आणि १९१४ ची पत्रके विचारणारा कोणी मध्ये नसताना वाचकापर्यंत पोहोचली.

भारतातील सुरुवात : भारतात संघटित जनसंपर्काची सुरुवात रेल्वे कंपन्यांनी केली असे मानतात. चाळीसगाव ज्या मार्गावर आहे, त्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने १९२० नंतरच्या दशकात प्रसिद्धी-कार्यालय चालविले व यात्रा-जत्रांच्या ठिकाणी फिरत्या चित्रपटाचे खेळ दाखवून लोकांना प्रवासाची गोडी लावण्याचा प्रयत्न केला. टाटा उद्योगसमूहाने १९४३ मध्ये मुंबईत स्वतंत्र जनसंपर्क विभाग स्थापन केला. स्वातंत्र्यानंतर सार्वजनिक क्षेत्रातील उपक्रम वाढले आणि त्यांच्याबरोबर गृहपत्रिकाही वाढल्या. या व्यवसायातील मंडळींची ‘पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था १९५८ मध्ये स्थापन झाली. १९६८ मध्ये दिल्ली येथे भरलेल्या राष्ट्रीय परिषदेत तिने आंतरराष्ट्रीय जनसंपर्क संघटनेची आचारसंहिता स्वीकारली.

‘किर्लोस्कर खबर’ : मराठीत गृहपत्रिकेचे सर्वांत महत्त्वाचे व काहीसे अपवादात्मक उदाहरण ‘किर्लोस्कर खबर’ हे होय. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी बेळगाव येथे लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती व पहिल्या काही नांगरांना गिऱ्हाईक मिळणे कठीण झाले. हा अडथळा केवळ जाहिरातीने दूर होणारा नव्हता, कारण अडचण मालाची नसून विश्वासाची होती. १९१० मध्ये कारखाना औंध संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळरानावर गेला व तेथे किर्लोस्करवाडी वसली. १९२० साली या उद्योगाचे मर्यादित कंपनीत रूपांतर झाले आणि त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर (१८९१–१९७५) यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याची व त्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांना व विक्रेत्यांना व्हावी, हा त्याचा प्रारंभीचा हेतू.

शंकरराव हे चित्रकार होते, व्यंगचित्रे काढीत आणि कारखान्याच्या मालाच्या प्रसिद्धीचे कामही पाहत. नांगराची माहिती वाचण्यासाठी कोणी मासिक हाती धरीत नाही, हे त्यांनी लवकर ओळखले असावे. मासिकात उद्योगधंदे, आरोग्य, स्वावलंबन, परदेशातील प्रगती व सामाजिक सुधारणा यांवरील लेखन वाढत गेले. कथा आल्या, चित्रे आली. पुढे ‘खबर’ हा शब्द गळून मासिकाचे नाव केवळ ‘किर्लोस्कर’ असे झाले. त्याला जोडून १९३० मध्ये ‘स्त्री’ व १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके निघाली. एका यंत्रकारखान्याच्या माहितीपत्रातून मराठी मध्यमवर्गाच्या वाचनाचे तीन प्रवाह निघाले, असे म्हणण्यास हरकत नाही.

जनसंपर्काच्या दृष्टीने यातील लक्षणीय गोष्ट वेगळीच आहे. १९३० नंतरच्या दशकात या मासिकाने वि. दा. सावरकर यांचे विज्ञाननिष्ठेचा पुरस्कार करणारे व धार्मिक रूढींवर कठोर प्रहार करणारे निबंध छापले. त्यांवर मोठे वाद झाले. किर्लोस्करांचा माल घेणारा वर्ग प्रामुख्याने श्रद्धाळू शेतकऱ्यांचा होता. नांगर विकणाऱ्याने आपल्याच गिऱ्हाइकाच्या भावना दुखावतील असा मजकूर स्वतःच्या नावाच्या मासिकात छापावा, हे कोणत्याही विक्री-विभागाच्या शहाणपणात बसणारे नव्हते. मासिकाचे वजन वाढले ते मात्र याच धोक्यामुळे. संस्थेला तोट्याचे ठरू शकेल असे काही ज्या पानांवर येते, त्या पानांवरील उरलेला मजकूरही वाचक अधिक विश्वासाने वाचतो.

तथापि या उदाहरणावरून सरसकट निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. ‘किर्लोस्कर’ला मिळालेला विश्वास समाजाविषयीच्या परखडपणाचा होता. मालकाने समाजाला चार शब्द सुनावणे आणि स्वतःच्या कारखान्यातील अपघात, वेतन वा तोटा यांविषयी तितक्याच मोकळेपणाने लिहिणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीसाठी सुधारक वृत्ती पुरते. दुसरीसाठी आपले चुकले असे छापण्याची तयारी लागते. शिवाय मासिक जसजसे सर्वसामान्य वाचकांचे झाले, तसतसे ते कारखान्याचे उरले नाही. उत्तम गृहपत्रिका अखेरीस गृहपत्रिका राहत नाही, हा त्यातील विरोधाभास होय.

खानदेशातील उद्योग : खानदेशात असे मासिक निघाले नसले, तरी संस्थेने लोकांशी थेट बोलण्याचे प्रश्न येथे निराळ्या रूपांत आढळतात. अमळनेर येथे १९४५ मध्ये वनस्पती तुपाचा कारखाना काढणारी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्‌स’ ही कंपनी स्थापन झाली. तीच पुढे ‘विप्रो’ या नावाने जगभर प्रसिद्धीस आली. तिचे भाग अमळनेरमधील अनेक कुटुंबांनी घेतले व पिढ्यान्‌पिढ्या जपले. कंपनीचा कारभार बंगलोरला गेला, धंदा संगणकाचा झाला, तरी तिच्या वार्षिक अहवालाचा एक वाचक खानदेशातील तालुक्याच्या गावी राहिला. अशा भागधारकाला संगणकप्रणालीचा व्यवसाय समजावून सांगणे, हे कोणत्याही संपादकाची परीक्षा पाहणारे काम आहे.

जळगावच्या जैन उद्योगसमूहाने वेगळी वाट धरली. भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांच्या या समूहाचे ठिबक सिंचन, नळ व केळीची ऊतिसंवर्धित रोपे ही उत्पादने शेतकऱ्याला नवीन होती. किर्लोस्करांच्या नांगराप्रमाणेच येथेही आधी विश्वास निर्माण करावयाचा होता. त्यासाठी छापील शब्दापेक्षा प्रत्यक्ष शेतावरील प्रात्यक्षिकांवर भर देण्यात आला व शेतकऱ्यांना जळगावजवळच्या जैन हिल्सवर आणून पिके दाखविण्याची पद्धत रूढ झाली. १९९० नंतरच्या दशकात समूहाने मूळ व्यवसायाबाहेरील उद्योगांत पैसा गुंतविला व मोठा तोटा सोसला. तेव्हा संस्थापकांनी ही आपली चूक असल्याचे भागधारकांपुढे जाहीरपणे मान्य केले. भारतीय उद्योगांच्या इतिहासात अशी कबुली विरळा आहे. संस्थेच्या नावाने बोलणे आणि स्वतःच्या नावाने बोलणे यांतील अंतर अशा वेळी स्पष्ट होते. चुकीची कबुली ‘व्यवस्थापन’ देऊ शकत नाही. ती सही करणाऱ्या माणसालाच द्यावी लागते.

व्यवसायावरील परिणाम : गृहपत्रिकेमुळे जनसंपर्क अधिकाऱ्याच्या कामाचे स्वरूप पालटले. पूर्वी त्याचे कौशल्य वृत्तपत्रांतील ओळखीत होते. कोणत्या वार्ताहराला केव्हा भेटावे, कोणती बातमी कोणत्या दिवशी द्यावी, हे त्याला माहीत असावे लागे. वार्ताहर प्रश्न विचारी व उत्तर न पटल्यास गिरणीच्या दाराशी जाऊन कामगारांनाही विचारी. हा तपास संस्थेला जाचक वाटला, तरी छापून आलेल्या बातमीची किंमत त्यामुळेच होती. स्वतःची पत्रिका हाती आल्यावर अधिकारी संपादक झाला आणि वार्ताहराने विचारावयाचे प्रश्न त्याने स्वतःच आपल्या वरिष्ठांना विचारणे प्राप्त झाले. हे बहुतेकांना साधत नाही. ज्याच्या हाती आपली बढती आहे, त्याला ‘हा आकडा कोठून आणला’ असे विचारण्यास धैर्य लागते. परिणामी पुष्कळशा गृहपत्रिका अध्यक्षांचे छायाचित्र, अध्यक्षांचे मनोगत व अध्यक्षांच्या हस्ते झालेले वृक्षारोपण यांतच संपतात. मनोगत बहुधा अध्यक्षांनी लिहिलेले नसते, हेही वाचकाला ठाऊक असते.

दुसरा परिणाम नोंदीचा. तोंडी आश्वासन विसरले जाते, दाराबाहेरील फलक पुसला जातो. छापलेला अंक मात्र कामगाराच्या ट्रंकेत राहतो. चार वर्षांपूर्वी संस्थेने काय म्हटले होते, ते त्यामुळे काढून दाखविता येते. यासाठीच व्यवहारी संपादक भविष्यकाळी क्रियापदे जपून वापरतात.

तिसरा परिणाम वाचकांच्या पत्रव्यवहाराचा आहे व तो सर्वांत नाजूक आहे. पत्रांना जागा दिली, की टीका येते. टीका गाळली, तर पत्रव्यवहार आटतो आणि स्तुतीची पत्रे उरतात. लोएलच्या मासिकाचे जे झाले तेच येथे लहान प्रमाणावर होते. तक्रारीचे पत्र उत्तरासह छापण्याची प्रथा ज्या पत्रिकांनी पाळली, त्यांत संस्थेच्या अन्य विभागांवरही त्याचा दाब पडतो, कारण उत्तर अंक छपाईला जाण्यापूर्वी द्यावे लागते. लोकांना संस्थेची बाजू सांगण्याइतकेच लोकांची बाजू संस्थेत पोहोचविणे हे जनसंपर्काचे काम आहे, असे तत्त्वतः सर्वच मानतात. पत्रव्यवहाराचे पान हे त्या तत्त्वाचे छापील माप होय.

कायद्याची बाजू : सार्वजनिक बातम्या वा त्यांवरील भाष्य प्रसिद्ध करणाऱ्या नियतकालिकांची नोंदणी १८६७ च्या मुद्रणालय व पुस्तक नोंदणी अधिनियमानुसार करावी लागे, त्याची जागा २०२३ च्या नव्या अधिनियमाने घेतली. अब्रुनुकसानीचा कायदा गृहपत्रिकेलाही लागू असतो. भांडवल बाजारात नोंदलेल्या कंपन्यांवर याहून मोठे बंधन आहे. भागांच्या किंमतीवर परिणाम करणारी माहिती निवडक वाचकांना आधी देता येत नाही. भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाच्या (सेबीच्या) २०१५ च्या विनियमांनुसार अशा कंपनीने संकेतस्थळ ठेवून विहित माहिती सर्वांना खुली करणे आवश्यक आहे. सरकारी व सार्वजनिक संस्थांना २००५ च्या माहितीचा अधिकार अधिनियमाच्या कलम ४ नुसार बरीच माहिती कोणी न मागता प्रसिद्ध करावी लागते. जे पूर्वी संपादकाच्या मर्जीवर होते, त्याचा काही भाग अशा रीतीने कर्तव्यात मोडू लागला.

भाषा : पुष्कळ मोठ्या संस्थांच्या पत्रिका इंग्रजीत निघत व त्यांची मराठी आवृत्ती भाषांतर वाटे. खानदेशात याला आणखी एक पदर आहे. घरी व शेतात अहिराणी बोलणाऱ्या वाचकाला कार्यालयीन मराठी परकी नसली, तरी आपलीही वाटत नाही. ‘उत्पादकता’, ‘मनुष्यबळाचे समायोजन’ अशा शब्दांतून कामावरून कमी करण्याची बातमी दिली, की ती समजते, पण शब्दांच्या मागे काहीतरी लपविले आहे असा ग्रहही होतो.

चाळीसगावची गिरणी १९७४ च्या आजारी वस्त्रोद्योग उपक्रमांच्या राष्ट्रीयीकरणाने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली व पुढे बंद पडली. बेलगंगा कारखानाही कर्जबाजारी होऊन अनेक वर्षे बंद राहिला व नंतर खासगी मालकीत गेला. सहकारी कारखान्यात सभासद हाच मालक असल्याने त्याला मिळणारा वार्षिक अहवाल हा एका अर्थी मालकाला दिलेला जबाब असतो. ताळेबंद, संचित तोटा व लेखापरीक्षकाचे शेरे त्यात छापलेले असतात. परंतु ते अहवालाच्या मागील पानांवर बारीक टाइपात येतात आणि दर्शनी पानांवर पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे असतात. काही सहकारी संस्थांनी सर्वसाधारण सभेपूर्वी गावोगाव गटसभा घेऊन तोच ताळेबंद तोंडी वाचून दाखविण्याची पद्धत ठेवली. अशा सभेत ऊस घालणारा शेतकरी उठून आकड्याचा अर्थ विचारतो व सांगणाऱ्याला तेथेच उत्तर द्यावे लागते.